तेविसाव्या वाढदिवसाआधी: एका तुर्की-जर्मन घरातलं नागरिकत्वाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच इमारतीतलं, वरच्या मजल्यावरच्या घरातलं. मी २००८ पासून जर्मनीत, ड्युइसबुर्गला राहते. कागदपत्रांचं वेड असलेली शेजारीण म्हणून या घरानं मला सुरुवातीपासूनच कामाला लावलं. त्यांना विचारून आणि काही खुणा बदलून लिहिते आहे. नावं देत नाही. आजोबा, वडील, आई, मुलगी आणि धाकटा भाऊ, एवढ्यावर भागतं.

तुर्क युरोपीय आहेत का, या विषयावर मोठमोठ्या परिषदा होतात. मला मात्र तो विषय या घरच्या स्वयंपाकघरात भेटला. टेबलावर मेणकापड होतं, त्यावर नगरपालिकेचं पत्र, आणि पत्र उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला चहाचा छोटा पेला.

पार्श्वभूमी

आजोबा मूळचे झोंगुल्दाकचे. काळ्या समुद्राकाठचं हे कोळशाचं शहर. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि १९६४ मध्ये आजोबा निघाले. इस्तंबूलच्या जर्मन भरती कार्यालयात डॉक्टरांनी छाती ऐकली, दात बघितले. "बाजारात घोडा घेताना बघतात तसे," हे ते दर वेळी सांगत आणि दर वेळी तोंड उघडून दाखवत. सिर्केजी स्टेशनवरून गाडी, म्युनिकचा अकरा नंबरचा फलाट, तिथून ऱ्हूरची खाण. दोन वर्षं काम करून, चार पैसे गाठीला बांधून परतायचं असा बेत होता. वडील नवव्या वर्षी त्यांच्या आईबरोबर, म्हणजे आजीबरोबर, इथे आले आणि पुढे पोलाद कारखान्यात लागले. मुलगी मार्च १९९१ ची, भाऊ १९९६ च्या शरद ऋतूतला. दोघंही ड्युइसबुर्गमध्ये जन्मलेले.

आजोबांना कुणी 'तुम्ही युरोपीय का?' असं विचारलं की ते गोंधळायचे. प्रश्न त्यांना कळायचाच नाही. ते १९३८ चे, म्हणजे प्रजासत्ताकाच्या शाळेतले. अतातुर्कनं १९२५ मध्ये फेज टोपी काढून हॅट आणली, १९२६ मध्ये स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला, १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. तुर्क होणं आणि 'आजच्या सुधारलेल्या जगाच्या' पंक्तीला बसणं हे त्यांच्या शाळेत एकच काम म्हणून शिकवलं गेलं. ते इथे यायच्या आदल्या वर्षी, १२ सप्टेंबर १९६३ ला, तुर्कस्तानला युरोपीय आर्थिक समुदायाशी (आजच्या संघाच्या पूर्वरूपाशी) जोडणाऱ्या अंकारा करारावर सह्या करताना त्या समुदायाच्या आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हालस्टाइन यांनी 'तुर्कस्तान युरोपचा भाग आहे' असं जाहीरपणे सांगितलं होतं. आजोबांच्या लेखी विषय तिथेच संपला.

आजीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिचे आईवडील क्रीट बेटावरचे, घरात ग्रीक बोलणारे मुसलमान. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत धर्म बघून माणसं हलवली गेली. काही भाग वगळता तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात गेले. भाषा कुणी विचारली नाही. म्हणजे आजीचं घराणं युरोपातून आणून तुर्क केलेलं. तिचं माहेर आज युरोपीय संघात आहे. तसं तर अतातुर्कचं जन्मगाव सेलानिक, म्हणजे आजचं थेसालोनिकी, तेही युरोपीय संघातच आहे.

अडचण

जर्मनीत नागरिकत्व पूर्वी रक्तावरून ठरायचं. १९९८ मध्ये सत्तेवर आलेल्या समाजवादी आणि ग्रीन पक्षांच्या सरकारला दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य करायचं होतं. त्याविरुद्ध १९९९ च्या जानेवारीत ख्रिस्ती लोकशाही पक्षानं चौकाचौकात टेबलं मांडून सह्यांची मोहीम काढली. टेबलाशी येऊन 'तुर्कांविरुद्ध सही इथेच करायची ना?' असं विचारणारे लोक तेव्हा भेटल्याचं इथले जुने लोक सांगतात. फेब्रुवारीत त्या पक्षानं हेसन राज्य जिंकलं, सरकारचं वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं आणि तडजोड झाली. १ जानेवारी २००० पासून इथे जन्मलेल्या परदेशी मुलांना, आईवडिलांपैकी एकाचा इथला मुक्काम पुरेसा जुना असेल तर, जन्मतः जर्मन नागरिकत्व मिळू लागलं. पण ते अटीवर. अठराव्या वर्षी पत्र येणार, तेविसाव्या वाढदिवसापर्यंत दोन्हींतलं एक सोडायचं. जर्मन ठेवायचं तर दुसरं सुटल्याचा दाखला त्या तारखेच्या आत आणायचा. आणला नाही किंवा काही कळवलंच नाही, तर जर्मन नागरिकत्व गेलं. तेव्हा दहा वर्षांखालची असलेली मुलंही २००० सालातल्या एका वर्षाच्या मुदतीत अर्ज करून यात येऊ शकत होती. या घरातल्या दोघा भावंडांचा अर्ज त्या मुदतीत गेला.

ग्यानबाची मेख पुढे आहे. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना २००७ पासून दोन्ही ठेवायची मुभा होती. मुलीच्या बाकावर शेजारी ग्रीक आईवडिलांची मुलगी बसायची. तीही ड्युइसबुर्गचीच, तिचे आजोबाही खाणीतच. तिनं एक अर्ज केला आणि दोन्ही पासपोर्ट राहिले. वर्ग एक, बाक एक, दोघींचं जर्मन सारखंच. फरक इतकाच की एकीच्या आजोबांचा देश संघात होता आणि दुसरीच्या आजोबांचा देश दाराशी उभा होता. मुलगी मला म्हणाली होती, "मी युरोपीय आहे की नाही हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आमच्या बाकाच्या मधून रेघ गेली तेव्हा कळलं."

२००९ च्या वसंतात पत्र आलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तुर्की नागरिकत्व ठेवून जर्मन सोडण्याचा. घरात कुणीच तो गंभीरपणे घेतला नाही, एक आजोबा सोडून. पंचेचाळीस वर्षं ते स्वतः तुर्की पासपोर्टवर इथे राहिले होते आणि त्यांचं काही अडलं नव्हतं. पण मुलीला शिक्षिका व्हायचं होतं आणि सरकारी शाळेत कायमची नेमणूक मिळायला जर्मन पासपोर्टमुळे वाट सोपी होणार होती.

दुसरा, जर्मन ठेवून तुर्की सोडण्याचा आणि बदल्यात 'मावी कार्ट', म्हणजे निळं कार्ड घेण्याचा. परवानगी घेऊन नागरिकत्व सोडणाऱ्या जन्मानं तुर्क माणसाला तुर्कस्तान हे कार्ड देतं. राहणं, नोकरी, जमीनजुमला, वारसा हे सगळं चालतं. मतदान चालत नाही, कायम सरकारी नोकरी चालत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या आपल्याकडच्या ओसीआय कार्डाचं हे भावंड म्हणता येईल, फक्त ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही.

तिसरा पर्याय, दोन्ही राखण्याची खास परवानगी मागण्याचा. हा अर्ज एकविसाव्या वाढदिवसाआधी करायचा होता. सोडणं अशक्य आहे किंवा सोडल्यानं असह्य नुकसान होईल असं दाखवावं लागे आणि तुर्की प्रकरणात ते सिद्ध करणं अवघड. सल्लाकेंद्रातल्या बाईंनी "वेळ वाया जाईल" असं सांगितलं. अर्ज झाला नाही.

चौथा पर्याय थांबण्याचा. हा वडिलांचा. त्यांना भोळं म्हणून बाजूला सारता येणार नाही. ३ ऑक्टोबर २००५ ला युरोपीय संघानं तुर्कस्तानशी प्रवेशाची बोलणी सुरू केली, तेव्हा वडिलांनी हिशोब मांडला होता. मुलगी तेवीस वर्षांची होणार २०१४ मध्ये. तोवर तुर्कस्तान आत आला तर ग्रीक मुलीसारखंच आपल्या मुलीचं होईल, प्रश्न आपोआप मिटेल. त्या काळात हे वेडगळ नव्हतं. फाशीची शिक्षा रद्द झाली होती, कायदे बदलत होते, आणि संघाकडे जायचा आग्रह धरणारं अंकाऱ्यातलं सरकार धार्मिक वळणाचं होतं. वडील पाच वेळा नमाज पढणारे. धर्म आणि युरोप एकत्र नांदू शकतात असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

मग ती आशा विटत गेली. प्रवेशाची बोलणी विषयवार प्रकरणांत विभागलेली होती; २००६ च्या शेवटी सायप्रसच्या वादावरून त्यातली आठ प्रकरणं गोठली. एकूण प्रकरणं ३५. फ्रान्सनं आणखी काही अडवली, जर्मनीच्या चान्सलर 'विशेष भागीदारी' म्हणू लागल्या. पंगतीला बोलवायचं आणि ताट ओसरीवर वाढायचं, असं मी एकदा वडिलांना समजावून सांगितलं तर ते खूप हसले. पुढे अंकाऱ्यातही सुधारणांचा उत्साह ओसरला, पत्रकार तुरुंगात जाऊ लागले, आणि दोष नेमका कुणाचा यावर या घरात आजोबा आणि वडील यांचं कधीच एकमत झालं नाही.

काय केलं

२००९ ते २०१२ काहीच केलं नाही. त्यामागे काकाही होते. काकांनी १९९७ मध्ये जर्मन नागरिकत्व घेतलं आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तुर्की नागरिकत्वासाठी परत अर्ज केला. ते मिळालं २००१ मध्ये. दरम्यान २००० च्या कायद्यानं ती पळवाट बंद केली होती. परदेशी नागरिकत्व घेतलं की जर्मन आपोआप गेलं, कुणी कळवायचीही गरज नाही. काकांना २००५ मध्ये कळलं की चार वर्षं ते जर्मन नव्हतेच. त्यांच्यासारखे हजारो निघाले. तेव्हापासून या घरात सरकारी पाकीट आलं की आधी ते फ्रिजवर ठेवतात, मग दोन दिवसांनी उघडतात.

मार्च २०१२ मध्ये एकवीस उलटलं, परवानगीच्या अर्जाची मुदत संपली. तेव्हा मला पहिल्यांदा सगळे कागद दाखवले गेले.

जून २०१३ मध्ये मुलीनं ठरवलं. इस्तंबूलमध्ये गेझी बागेवरून आंदोलन पेटलं होतं, तिचे मित्र रात्र रात्र फोनवर चित्रफिती बघत होते, आणि ही त्याच आठवड्यात तुर्की वकिलातीत नागरिकत्व सोडण्याचा अर्ज घेऊन गेली. आजोबा सोबत गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "का सोडतेस गं पोरी?" ती काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "ती सोडत नाहीये. मागून घेतायत." कारकुनानं शिक्का मारला.

तुर्कीत नागरिकाला 'वतनदाश' म्हणतात, वतनातला सोबती. शब्द आपल्याच ओळखीचा, पण आपल्याकडे वतन म्हटलं की पाटीलकी आणि पिढीजात हक्काची जमीन डोळ्यांसमोर येते. वतन राजा देतो आणि राजा खालसा करतो. मी आजोबांना हा आपला अर्थ सांगितला तेव्हा ते बराच वेळ मान हलवत राहिले. म्हणाले, "तुमचा अर्थ बरोबर आहे, कोम्शू." कोम्शू म्हणजे शेजारीण. त्या घरात मला दुसरं नाव नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये नवा पेच आला. जर्मनीत निवडणूक होऊन नवी आघाडी ठरत होती आणि इथेच वाढलेल्या मुलांवरची निवडीची सक्ती काढू, असं त्यांच्या करारात लिहिलं गेलं. वाढदिवसाला चार महिने उरले होते. वडील म्हणाले, अर्ज मागे घे, कायदा येतोच आहे. मी उलट सल्ला दिला. करार म्हणजे कायदा नव्हे. वाढदिवसापर्यंत कायदा झाला नाही तर जर्मन पासपोर्ट जाईल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, हेच मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. तिनं अर्ज पुढे जाऊ दिला. जानेवारी २०१४ मध्ये दाखला आला, फेब्रुवारीत नगरपालिकेत जमा झाला.

नवा कायदा २० डिसेंबर २०१४ ला लागू झाला. तिच्या तेविसाव्या वाढदिवसानंतर नऊ महिन्यांनी.

पुढे काय झालं

भाऊ त्याच शरद ऋतूत अठरा वर्षांचा झाला होता. त्याला काही निवडावंच लागलं नाही. दोन्ही पासपोर्ट आहेत. तुर्की लष्करसेवेऐवजी परदेशस्थांना पैसे भरून सुटका मिळते. २०११ च्या सुमारास त्यासाठी दहा हजार युरो लागत, २०१६ मध्ये रक्कम हजारावर आली आणि त्यानं ते हजार भरले. एकाच आईच्या पोटची दोन मुलं, एक फक्त जर्मन, एक दोन्ही. त्यांच्यात पडलेला फरक पाच वर्षांच्या वयाचा.

१६ एप्रिल २०१७ ला तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवणारं सार्वमत झालं. आजोबांनी विरोधात मत दिलं, वडिलांनी बाजूनं. मुलीला मत नव्हतं, आणि भाऊ गेलाच नाही. जर्मनीतल्या तुर्की मतांपैकी ६३ टक्के 'हो'च्या बाजूची होती. ईस्टरच्या सुट्ट्या संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तिला विचारलं की तुम्ही लोक इथे लोकशाहीत राहून तिकडे असं मत कसं देता. ती म्हणाली, मला मतच नाही. "मग तुझ्या घरच्यांनी?" निम्म्याहून जास्त नोंदणीकृत मतदार मतदानालाच गेले नव्हते, हे तिला माहीत होतं. पण चहाच्या सुट्टीत टक्केवारी कोण ऐकतं?

तुर्कस्तानात सुट्टीला गेलं की तिथले नातेवाईक तिला 'अल्मानजी' म्हणतात, म्हणजे जर्मनीवाली. त्यात थोडं कौतुक आणि बरीच खोच असते. तिथल्या मावशीला इथे यायचं तर व्हिसा लागतो, १९८० पासून लागतो. तुर्की कारखान्यातला फ्रिज मात्र १९९६ पासून जकातीशिवाय येतो. "फ्रिज युरोपीय आहे," असा या घरातला जुना विनोद आहे. जुलै २०१८ मध्ये फुटबॉलपटू मेसुत ओझिलनं जर्मन संघ सोडताना लिहिलं की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित. तेव्हा वडिलांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मुलगी उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिचं म्हणणं, ओझिलला निदान कुणीतरी जिंकल्यावर जर्मन म्हटलं.

आजोबा २०१९ मध्ये गेले. दफन झोंगुल्दाकला.

२६ जून २०२४ च्या रात्री हाम्बुर्गला युरोपीय फुटबॉल स्पर्धेत तुर्कस्ताननं चेक प्रजासत्ताकाला २-१ नं हरवलं. पहिला गोल हाकान चालहानोग्लूचा, जन्म मानहाइम. दुसरा नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत जेंक तोसुनचा, जन्म वेत्स्लार. दोघंही जर्मनीत जन्मलेले आणि तुर्कस्तानच्या संघातून युरोपचा चषक खेळणारे. आमच्या इमारतीखाली मध्यरात्र उलटून गेली तरी गाड्यांचे भोंगे चालू होते. त्याच मध्यरात्रीनंतर, २७ जूनला, जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. आता कुणालाच दुसरं नागरिकत्व सोडावं लागत नाही. भारतीयांना याचा उपयोग नाही, कारण दुसरं घेतलं की भारताचं जातं ते भारताच्याच कायद्यानं. म्हणून मी अजून रांगेबाहेर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याच सल्ल्यापासून सुरुवात करते. नोव्हेंबर २०१३ मध्ये मी दिलेला सल्ला चुकला असं मला अजूनही वाटत नाही. वडिलांचं ऐकून तिनं अर्ज मागे घेतला असता तर मार्चमध्ये जर्मन नागरिकत्व गेलं असतं, कारण कायदा वेळेत आला नाही. चूक त्याआधीची, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. एकविसाव्या वर्षाआधी परवानगीचा अर्ज, फेटाळला जाणार हे माहीत असूनही, करून ठेवायला हवा होता. निकाल लागेपर्यंत प्रकरण जिवंत राहतं, वकिलाला त्यावर काम करता येतं. सल्लाकेंद्रातल्या बाईंचं 'वेळ वाया जाईल' आम्ही सगळ्यांनी फार सहज मानलं. वेळच तर हवा होता.

वडिलांनी मुलीच्या वयाचं वेळापत्रक एका देशाच्या प्रवेशाच्या वेळापत्रकाला बांधलं. ती गाठ २००६ च्या डिसेंबरातच सोडायला हवी होती. पण ते करणं म्हणजे तुर्कस्तान युरोपात जाणार नाही असं मनाशी म्हणणं, आणि ते म्हणायला वडिलांना आणखी सात वर्षं लागली. आजोबांनी ते कधीच म्हटलं नाही.

नव्या कायद्यानंतर मी मुलीला तुर्की नागरिकत्व परत घेण्याबद्दल विचारलं. परवानगीनं सोडलेल्यांना तुर्की कायदा ते परत देतो, तिथे राहण्याची अट नाही. जर्मनीची आता हरकत नाही. दोन वर्षं झाली, अर्ज छापून ठेवलेला आहे. मध्यंतरी चहाला गेले तेव्हा तो फ्रिजवर होता, जिथे त्यांच्याकडे सगळी पाकिटं आधी ठेवली जातात.

"भरतेस का? मी बसते शेजारी," मी म्हटलं.

तिनं तो खाली काढला आणि 'सोडण्याचं कारण' या ओळीवर बोट ठेवलं. "इथे काय लिहू, कोम्शू? आजोबांनी सांगितलं होतं ते?"

आम्ही पेन शोधत होतो तेवढ्यात तिची लेक झोपेतून उठली. ती आता दोन वर्षांची आहे, जन्मानं जर्मन, आणि तिचं पत्र येणार नाही.